नदी उजव्या हाताला

मुक्काम कान्हा, मुक्की गेटजवळ
(नर्मदेचा दक्षिण काठ. हे मुद्दाम लिहिलं आहे, का ते पुढे कळेल.)

आदरणीय व्याही श्री. नत्थूजी यांस गिरिधरचा कमरेतून वाकता येईल तेवढा वाकून नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण या पाठीने गेल्या काही दिवसांत बोलेरो, ट्रॅक्टर आणि जिप्सी अशा तिन्ही वाहनांचा प्रसाद घेतलेला आहे.) आपली तब्येत बरी असेल. डाव्या गुडघ्याला ते हिरवं तेल लावता की नाही? धंतोलीच्या डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यावर तुम्ही दुकानाच्या माळ्यावर चढणं बंद केलं असेल अशी आशा करतो, आणि ऐन लग्नसराईत केलं नसेल याची खात्रीही बाळगतो. सौ. रुख्मिणीताईंची शुगर, चि. आयुषची सर्दी, गांधीबागेतली गिऱ्हाइकी, सगळं ठीकठाक असावं. आमच्याकडे म्हणाल तर मी सोडून बाकी सगळे सुखरूप घरी आहेत.

व्हॉट्सअॅप असताना हा माणूस कागद का काळे करतो असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं आहे की तुमचा फोन दिवसा दुकानाच्या गल्ल्यावर असतो आणि संध्याकाळनंतर रुख्मिणीताईंच्या हातात. या पत्रातला थोडा मजकूर फक्त तुमच्यासाठी आहे, तो शेवटी येईल. म्हणून हे पत्र फोटोग्राफर साहिलच्या हाती देतो आहे. तो उद्या नागपूरला निघतो आहे आणि दुकानात येऊन तुमच्या हातातच देईल. आयुषने तुम्हाला त्याच्या परीने हकीकत सांगितली असेलच. पण तो हसत हसत सांगतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की मुलीच्या बापाचं डोकं फिरलं. लग्न बारा दिवसांवर आलेलं असताना व्याह्यांच्या मनात अशी शंका राहिलेली बरी नव्हे.

लग्न ठरलं तेव्हा तुमच्याकडून मागणं काही नव्हतं, हे मी अजूनही चारचौघांत अभिमानाने सांगतो. रुख्मिणीताईंनी दोनच गोष्टी सुचवल्या होत्या. एक, पंगतीत सावजीचं तिखट नको. दुसरी, अल्बममध्ये दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. कारण तुमच्या पुतण्याच्या लग्नात मुलीकडच्यांचे फोटो पानपानभर निघाले आणि तुमच्या घरच्यांना नुसतं जेवताना काढलं, ते त्यांच्या मनाला लागलेलं आहे. (हा दुसरा मुद्दा लक्षात ठेवा, नत्थूजी. मीही तो लक्षात ठेवला आणि तिथेच घात झाला.)

मग पोरांनी ते प्री-वेडिंग काढलं. आपल्या वेळी लग्नाआधीचा फोटो म्हणजे मुलीचा एक, तोही स्टुडिओत, मागे ताजमहालाचा पडदा. ताराचा तसला फोटो पाहून मी होकार कळवला आणि लग्नानंतर बरेच दिवस तिच्या मागे काहीतरी कमी आहे असं मला वाटत राहिलं. आता मुलामुलीने जंगलात जाऊन एकमेकांकडे पाहायचं असतं. साहिलने नर्मदेच्या काठाकाठाने जायची कल्पना काढली: वाटेत पेंच, मग जबलपूरचा भेडाघाट, पुढे घुघवाचं दगडी झाडांचं राष्ट्रीय उद्यान, अमरकंटक आणि शेवटी कान्हा. लग्नाआधी दोघांना एकटं कसं पाठवायचं, म्हणून मी आणि तारा निघालो. तुमची मोठी गाडी आयुष चालवत होता, साहिल पुढे कॅमेरा मांडीवर घेऊन, आणि मागे मी, तारा, मध्ये अबोली. म्हणजे ज्यांच्या प्रेमाचे फोटो काढायचे त्यांच्यामध्ये एक सीट आणि दोन आईबाप होते.

पेंचला पहिलाच घोळ झाला. साहिलने अबोलीसाठी लांब शेपटाचा लालभडक गाऊन आणला होता. जंगलात भडक रंग चालत नाही, गाडीतून उतरायचं नाही आणि मोठ्याने बोलायचं नाही, हे आम्हाला जिप्सीत चढताना कळलं. गाइडने सीटखालची खाकी घोंगडी काढली आणि अबोलीला मानेपासून पायापर्यंत गुंडाळून टाकलं. त्यामुळे पेंचच्या सगळ्या फोटोंत चि. आयुष एका घोंगडीकडे प्रेमाने पाहताना दिसतो. वाघ दिसला नाही. (तुम्ही विचारणारच, नागपूरचा माणूस जंगलातून आला की आधी तेच विचारतो.) एका सांबराने मात्र आमच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि मला वाटतं ते घोंगडीमुळेच.

तिथून शिवनी करत जबलपूरच्या अलीकडे तिलवाऱ्याच्या पुलावरून आम्ही नर्मदा ओलांडली. मी खिडकीतून एक रुपयाचं नाणं टाकलं, ताराने हात जोडले, आयुषने गाडी जरा हळू केली. इतक्या सहज ओलांडली की त्या पुलाबद्दल मला पुढे इतकं वाटेल हे स्वप्नातही नव्हतं. भेडाघाटाला नावेतून संगमरवराचे कडे पाहिले. नावाडी कड्याकड्याला नाव देत होता, हा हत्ती, हा नंदी, ही बसलेली बाई. ताराला सगळे दिसले, मला एकही दिसला नाही. मी नुसताच हो हो म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्वारीघाटावर गेलो आणि तिथे माझी साडेसाती सुरू झाली.

साहिलचं म्हणणं असं की अल्बमची सुरुवात आशीर्वादाने व्हावी. मुलीच्या बापाचा हात, ओंजळीत नर्मदेचं पाणी, मागे सूर्य, आणि पाणी हळूहळू नदीत पडतंय. त्याने घाटावरचे एक पंडितजी गाठले, त्यांच्या हातावर दक्षिणा ठेवली आणि सांगितलं की काहीही म्हणा, आवाज घ्यायचा नाही. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाचा पणजोबासुद्धा त्याच पायरीवर मंत्र म्हणत होता, त्याला काहीही म्हणता येतं का? कार्तिकातली एकादशी होऊन गेलेली, परिक्रमेला निघणाऱ्यांची रीघ लागलेली. त्यांनी सकाळपासून जो मंत्र चालवला होता तोच माझ्यावर चालवला. म्हणजे नर्मदा परिक्रमेचा संकल्प. नाव विचारलं, गोत्र विचारलं, मी सांगितलं. मॅट्रिकला मला संस्कृतात बऱ्यापैकी मार्क होते (हे मी लग्नाच्या बोलणीतही सांगितलं होतं, तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही), त्यामुळे ते म्हणाले तसं मीही खणखणीत आवाजात 'करिष्ये' म्हटलं. तेवढ्यात फ्रेममध्ये एक नाव आली. म्हणून दुसरा टेक झाला. मग तिसरा झाला. (तिसऱ्याचं कारण सांगत बसलो तर पत्र लांबेल. तूर्त तीन झाले एवढं धरा.)

मी हात पुसून निघालो तर पंडितजींनी एक बाटली पाण्याने भरून माझ्या हातात दिली आणि नियम सांगायला लागले. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, दाढी करायची नाही, आणि परिक्रमा पुरी होईपर्यंत नर्मदा ओलांडायची नाही. मी हसलो. म्हटलं, अहो, हे तर फोटोसाठी होतं. ते काही रागावले नाहीत. 'फोटो आपका था बाबूजी, संकल्प तो मैया का है,' एवढं म्हणून ते पुढच्या माणसाचं गोत्र विचारायला लागले. जाता जाता त्यांनी तीन बोटं दाखवली. तीनदा म्हटलंत, म्हणजे तीन परिक्रमा.

मी आधी नकाशा आठवला. आपण उत्तर काठावर, नागपूर दक्षिणेला, मध्ये नर्मदा. आमचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर जमाखर्चाची दप्तरं घेऊन ही नदी कितीदा इकडून तिकडे गेले असतील, आणि त्यांचा वंशज एका फोटोपायी पलीकडे अडकला. सिंचन खात्यात माझी सगळी नोकरी गेली, न वाचता मी कधी कशावर सही केली नाही. इथे न समजता तीन सह्या केल्या, त्याही नदीपुढे. तरी माझा विचार गाडीत बसून, डोळे मिटून पूल ओलांडावा असाच होता. तारा घुटमळत होती. पण आयुषने गंमत म्हणून आईला व्हिडिओ कॉल लावला.

रुख्मिणीताईंचं बोलणं तुम्ही संध्याकाळी घरी गेल्यावर ऐकलं असेल, तरी आम्ही जसं ऐकलं तसं लिहितो, कारण शब्द महत्त्वाचे आहेत. फोन स्पीकरवर होता. त्या म्हणाल्या, 'पूल वलांडाचा नाही. ज्यानं नर्मदामाईले संकल्प देल्ला, त्यानं पुरा केल्याबिगर मांडवात पाय ठेवाचा नाही. मंग तो कोनी बी असो.' आयुष म्हणाला, आई, ते फोटोसाठी होतं वं. तर म्हणाल्या, 'ज्याच्यानं माईले देल्ला शब्द पाळनं होत नाही, तो आमाले देल्ला काय पाळन?' आयुषने फोन खिशात टाकला. मला तर ते मनातून पटलं होतं. फक्त गाडीने एक फेरी म्हटली तरी पंधरावीस दिवस, अशा तीन, आणि अठ्ठावीसचा मुहूर्त हुकला की पुढे पौष. हे गणित मी मनात केलं आणि घाटावरच बसून राहिलो.

आयुषला दुकान होतं, ताराला घरी रुखवताचा पसारा होता, अबोलीच्या ब्लाउजची मापं राहिली होती. त्यांना जाणं भाग होतं. तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो आणि अलीकडे उतरलो. गाडी पुलावर चढली. अबोलीने खिडकीतून हात बाहेर काढला होता, तो दिसत दिसत लहान झाला. आता हे व्याह्यांना लिहावं की नाही, कळत नाही, पण लिहितो. मला भरून आलं. लग्नाच्या दिवशी काय होणार आहे ते मला पंधरा-सोळा दिवस आधीच दाखवलं, असं वाटलं. ती त्या काठाला, मी या काठाला, आणि मला जाता येणार नाही. मी पानटपरीच्या बाकावर बसलो आणि चष्मा पुसत राहिलो. पानवाल्याने न मागता चहा दिला.

तर गाडी परत आली. माझ्या बीपीच्या गोळ्या ताराच्या पर्समध्ये राहिल्या होत्या, त्या द्यायला अबोली आली. गोळ्या देऊन गेली. थोड्या वेळाने पुन्हा गाडी. यावेळी मफलर. गेली. मी आता उठावं म्हणतो तर तिसऱ्यांदा आली, आणि तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं. नुसतीच आली होती. माझ्याजवळ उभी राहून म्हणाली, 'बाबा, संकल्प तुम्ही केलाय, मी नाही. मी पाहिजे तितक्यांदा येणं-जाणं करीन. तुम्ही फक्त तुमच्या बाजूने फिरून या.' आणि गेली. आयुष स्टिअरिंगवर बसून होता, एका शब्दाने कुरकुरला नाही. (पोरगा चांगला आहे तुमचा. बोलणीच्या वेळी मी तो फार मोबाइल पाहतो असं म्हटलं होतं, ते मागे घेतो.)

उरलो मी आणि साहिल, पुढे मिळेल त्या बोलेरोत नि ट्रॅक्टरवर. साहिल का उरला तर त्याचा आयुषशी करार झाला होता: एवढी एवढी ठिकाणं, प्रत्येक ठिकाणचे एवढे फोटो, सगळे पैसे आगाऊ. साहिल तत्त्वाचा माणूस आहे. नवरानवरी नसली म्हणून काय झालं, ठिकाणं तर आहेत आणि नवरीचा बाप आहे. म्हणून नत्थूजी, मन घट्ट करून ऐका. भेडाघाटापुढचं सगळं प्री-वेडिंग माझ्या एकट्याचं आहे.

घुघवा हे फार शांत राष्ट्रीय उद्यान आहे. तिथली झाडं काही कोटी वर्षांपूर्वीच दगड होऊन पडली आहेत, त्यामुळे कुणी अंगावर येत नाही आणि गाडीतून उतरता येतं. आयुषसाठी शिवलेला आकाशी कुर्ता साहिलजवळ राहिला होता, तो त्याने मला घातला. (मागून सेफ्टीपिना आहेत.) मग मला एका दगडी खोडाला मिठी मारायला लावली. 'काका, जरा इमोशन द्या न. समजा का हे अबोली आहे अन् हे सासरी चालली.' मी समजलो आणि खरंच इमोशन आलं, ते त्याने टिपलं. मागे शाळेची सहल आली होती. त्या पोरांनी दगडाकडे पाहायचं सोडून दिलं आणि सगळी माझ्याभोवती गोळा झाली. त्यांच्या बाईंनी मला आजार कोणता आहे असं साहिलला हळूच विचारलं.

अमरकंटकला थंडी अशी की बाटलीतल्या नर्मदेला मी रजईत घेऊन झोपलो. तिथे नदी उगम पावते, आणि परिक्रमेवाले उगमाच्या मागून वळसा घालून दक्षिण काठाला येतात. म्हणजे पूल नको, नाव नको, ओलांडणं नको. मला हे आधी माहीत असतं तर एवढी घालमेल झाली नसती. पण वळसा घालण्याआधी साहिलला उगमाच्या खाली एक जागा सापडली. नर्मदा तिथे आमच्या हुडकेश्वरच्या घरापुढच्या नालीएवढी आहे. (माई, चूकभूल माफ.) साहिल म्हणे, 'काका, पलीकडून अँगल लय भारी येते. एक टांग टाका न फक्त.' एक टांग! मी काठावर उभा राहिलो. एक पाय टाकला तर ओलांडली होते का, की दोन्ही टाकल्यावर होते, असा खात्यातल्यासारखा विचार करत राहिलो. तेवढ्या वेळात एक बकरी पलीकडून अलीकडे आली, पाला खाल्ला, पलीकडे गेली, पुन्हा आली. मला आयुष्यात कुणाचा एवढा हेवा वाटला नव्हता. शेवटी मी टांग टाकली नाही. तुम्ही याला भित्रेपणा म्हणा, पण त्या वीतभर पाण्यापुढे मला रुख्मिणीताईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

तिथेच कांबळं पांघरून बसलेले एक बाबाजी भेटले. परिक्रमेत किसने बिठाया, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, फोटोग्राफरने. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, मग चहा करून पाजला. त्यांनी माझ्या कामाची गोष्ट सांगितली. परिक्रमा खंडानेही करता येते. काठावर एका जागी थांबायचं, घरचं कार्य उरकायचं, आणि पुन्हा त्याच जागी येऊन पुढे चालायला लागायचं. लोक वर्षानुवर्षं तशी करतात, माई रागावत नाही. मी आता दक्षिण काठाला पोचलोच आहे. इथून नागपूरच्या वाटेत नर्मदा आडवी येत नाही. म्हणजे माईची हरकत नाही, माझी हरकत नाही. राहता राहिल्या कोण, ते तुम्हाला कळलंच असेल.

कान्ह्याचं एकच सांगतो. इथे जिप्सीत बसल्यावर मला शंका आली की नदी उजव्या हाताला ठेवायचा नियम जंगलाच्या आतही लागू असेल का. विचारायला कुणी नव्हतं, म्हणून मी लागू धरला. जिप्सी पश्चिमेला चालली की मी सरळ बसायचो, पूर्वेला वळली की उलटा. रस्ते तिथले नागमोडी. गाइडने पहिल्यांदा पोटात दुखतंय का विचारलं, नंतर विचारणं सोडलं. तर काय झालं, सगळे पुढे पाहत होते, गाइड बोट दाखवून ठसे शोधत होता, आणि मी उलटा बसलेलो असताना आमच्या मागच्या धुळीतून एक वाघ निघाला, रस्त्यावर उभा राहिला, माझ्याकडे पाहिलं आणि निवांत गवतात शिरला. मी गाइडचा खांदा ओढेपर्यंत तो दिसेनासा झाला. साहिल तेवढ्यात माझाच मागून फोटो घेत होता, म्हणून पुरावा आहे. फोटोत खाली माझं टक्कल आणि त्याच्या वर वाघ. साहिलच्या मते अल्बमचं मुखपृष्ठ हेच.

तर अशी ही हकीकत आहे. दाढी वाढली आहे, मी ओळखू येणार नाही, मांडवाच्या दारात वॉचमनने हटकलं तर कृपया सांभाळून घ्यावं. माझं मागणं एवढंच की खंड परिक्रमेची गोष्ट तुम्ही रुख्मिणीताईंच्या कानावर घालावी आणि मला अठ्ठावीसला मांडवात उभं राहायची परवानगी मिळवून द्यावी. एकच मुलगी आहे, नत्थूजी. तिचा हात आयुषच्या हातात देताना मी लॉनच्या फाटकाबाहेर उभा राहिलो तर ते मला जन्मभर पुरेल. बाकीच्या फेऱ्या मी कार्य आटोपलं की करीन, शब्द देतो. (यावेळी समजून देतो आहे.)

सौ. ताईंना नमस्कार, आयुषला आशीर्वाद. गुडघ्याची काळजी घ्यावी.

आपला
गिरिधर

ता. क. : तिसऱ्या टेकचं राहिलं होतं. दुसरा टेक व्यवस्थित झाला होता. मी हात पुसत होतो तेव्हा आयुषला आठवलं की अल्बममध्ये दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत. मुलीच्या बापाचा हात आहे तर मुलाच्या बापाचाही पाहिजे. तुम्ही तर दुकानात होता. साहिल म्हणाला, क्लोजअप आहे, हात कोणाचाही चालते. म्हणून हात माझाच, आयुषची अंगठी घातलेला, आणि पंडितजींनी नाव विचारलं तेव्हा मी तुमचं सांगितलं. गोत्र आयुषला आठवेना, तेव्हा त्यांनी कश्यप धरलं आणि संकल्प पुरा केला. 'करिष्ये' मी तुमच्या वतीने म्हटलं, आणि खणखणीत म्हटलं. मी नंतर मुद्दाम विचारून घेतलं. पंडितजी म्हणाले, प्रतिनिधीने केलेला संकल्प ज्याच्या नावाचा त्यालाच लागतो. तेव्हा माझ्या दोन आणि तुमची एक.

ता. क. दुसरा : हे मी अजून कुणाला बोललो नाही. आयुषच्याही ध्यानात आलेलं दिसत नाही. रुख्मिणीताईंचं वाक्य मी वर जसंच्या तसं उतरवलं आहे, त्यातलं 'मंग तो कोनी बी असो' पुन्हा एकदा वाचावं. खंड परिक्रमेला त्यांनी मान्यता दिली तर आपण दोघंही मांडवात असू. नाही दिली तर फाटकाबाहेर दोन खुर्च्या टाकायला सांगतो.

ता. क. तिसरा : खरं सांगायचं तर मला आता या नदीची सवय झाली आहे. उगमापासची ती नालीएवढी धार पाहिल्यापासून पुढे ती कशी कशी मोठी होते ते पाहावंसं वाटतं, आणि एकट्याने पाहण्यात मजा नाही. तारा म्हणते मी नाही येत, तुमचे व्याही न्या. पोरांचा सत्यनारायण झाला की निघू. गाडी तुमची, तिला क्लच नाही, म्हणजे डाव्या गुडघ्याला काम नाही. गाडी तुम्हीच चालवा. नदी सगळी वाट उजव्या हाताला असते, म्हणजे ड्रायव्हरच्या खिडकीत. मला तुमच्यावरून वाकून पाहावं लागेल, त्याला हरकत नाही. वरपक्षाचा मान आहे, खिडकी तुमची.